फटी वेळच्या वेळी बुजवाव्यात

माझ्या भावाला वाचक कप्तान म्हणायचे. छोट्या होड्या, शिडं, वल्ही, नदीकाठी तंबू ठोकून राहणं, होकायंत्र घेऊन रानात शिरणं, असल्या विषयांवर त्यानं उभा जन्म पुस्तकं लिहिली आणि ती घरोघर गेली. पुस्तकाच्या मागच्या फोटोत तो लोकरी टोपी घालून, डोळे बारीक करून लांब कुठेतरी बघतो आहे. वाचकांना वाटतं, क्षितिजाकडे. तो शेजाऱ्यांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होता. फोटो मीच काढलाय, म्हणून सांगते.

कप्तान कधी होडी घेऊन पाण्यात उतरला नव्हता. स्वतःची नाही आणि दुसऱ्याचीही नाही. प्रवासी म्हणून एकदा मोठ्या बोटीत बसला, तेव्हा सगळा वेळ कठड्याला धरून ओकत होता. पण होड्यांवरची पुस्तकं जिथे जिथे छापली जात तिथून त्यानं ती मागवली होती. झोपायची खोली, जिना, न्हाणीघराबाहेरचा बोळ, कुठेही हात घातला तरी होडीच हाताला लागायची. ती सगळी वाचायची, महिनोन्‌महिने रवंथ करायचं आणि मग आपल्या भाषेत असं लिहायचं की घरात बसलेल्या माणसानं उठून दोर शोधायला लागावं. हे मात्र त्याला जमायचं. त्यात मी खोट काढणार नाही.

"मी कुठे लिहिलंय का, की मी गेलो होतो?" तो विचारायचा.

"नाही. पण गेलो नव्हतो असंही कुठे लिहिलेलं नाहीस."

"कुणी विचारलंच नाही ना, चिमे."

चिमी म्हणजे मी, त्याची धाकटी बहीण. साठी उलटली, डोक्यावर काळा केस औषधाला उरला नाही, तरी दादाच्या लेखी मी चिमीच. मी छापखान्यात मुद्रितशोधक होते. नवरा गेल्यावर दादाकडे राहायला आले, ती राहिलेच. दादानं लग्न केलं नव्हतं, त्यामुळे माझ्या येण्यानं तोंड वाकडं करणारं घरात कुणी नव्हतं. त्याची पुस्तकं मग आम्ही घरीच तपासायला लागलो.

आमची पद्धत ठरलेली होती. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसायचं. मी हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे, विरामचिन्हांसकट, आणि तो प्रुफावर पेन्सिल फिरवायचा. "शिडाचा दोर सैल सोडावा स्वल्पविराम वारा कोणत्या बाजूने आहे ते पाहावे पूर्णविराम." बाहेरून कुणी ऐकलं तर दोन म्हातारी एकमेकांना मंत्र घालतायत असं वाटावं. या कामात एक गोष्ट सांभाळायची असते: अर्थ वाचायचा नाही. अर्थात पाय अडकला की चूक शेजारून हळूच निघून जाते. मी छापखान्यात नव्या पोरींना हेच शिकवायचे, गोष्टीत रमू नका, अक्षरं बघा. दादाच्या पुस्तकांत छपाईची चूक सापडत नाही असं प्रकाशक चारचौघांत सांगायचे आणि दादा माझ्याकडे बोट दाखवायचा. मला ते आवडायचं. का आवडू नये?

होडी घरी आली तेव्हा गावाबाहेरचं तळं काठोकाठ भरलेलं होतं. तळ्यात मधोमध एक बेट आहे. त्यावर झाडांखेरीज काही नाही, बघायला जावं असं तर काहीच नाही. पण दादाच्या मनानं ते घेतलं होतं. आपली होडी, आपलं शीड, त्या बेटाला वळसा घालायचा आणि परत यायचं. एवढंच. जगभरची तुफानं पानोपानी लिहिलेल्या माणसाला एवढंच हवं होतं. एकदा करून दाखवलं की लोक म्हणतात ते खरं होईल, असं तो मला म्हणाला होता, आणि म्हणताना त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं होतं.

होडी जुनी, लाकडी, फळीला फळी जोडून केलेली होती. आतून वाकवलेल्या लाकडी बरगड्या फळ्यांना धरून होत्या. ट्रकमधून उतरवून ती परसात कुंपणाच्या भिंतीशी ठोकळ्यांवर ठेवली. दादानं तिच्या पाठीवरून असा हात फिरवला की मी म्हटलं, "चला, उशिरा का होईना, मला वहिनी आली." तेव्हापासून ती वहिनी. वहिनीवर ताडपत्री टाकलीस का, वहिनीच्या अंगावर मांजर बसलंय, असं आमचं चालायचं.

तिला रंगवून, शीड शिवून होईपर्यंत तळ्याच्या बंधाऱ्याला भेग पडली. दुरुस्तीसाठी तळं रिकामं केलं. एका उन्हाळ्याचं काम, म्हणाले. मग ठेकेदार बदलला, मग साहेब बदलले, मग भेग कुठे होती यावरूनच वाद झाला. तळ्याच्या तळाशी गवत वाढलं, पोरं तिथे चेंडू खेळायला लागली, आणि बेट म्हणजे नुसती एक टेकडी झाली. कुणीही उठावं आणि चालत जाऊन यावं. दादा एकदाही गेला नाही.

तो होडी जपत राहिला. कोरड्यावर ठेवलेलं लाकूड उन्हानं सुकतं, आक्रसतं आणि फळ्यांमध्ये फटी पडतात. पहिल्या उन्हाळ्यात सुरीचं पातं जाईल एवढ्या पडल्या. दादानं त्याच्याच लाकडी होड्यांवरच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण उघडलं. त्यात लिहिलं होतं: "कोरड्यावर ठेवलेल्या होडीच्या फटी वेळच्या वेळी बुजवाव्यात. भरण कडक व पक्के असावे." त्याप्रमाणे त्यानं दोन डब्यांतली राळ एकत्र केली, त्यात लाकडाचा भुसा कालवला आणि ती लांबी, म्हणजे पुट्टी, फटींत दाबून भरली. वाळल्यावर ती दगडासारखी झाली. घासली, वर रंग दिला. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आणखी सुकलं, पुन्हा बारीक फटी पडल्या, त्याही भरल्या. त्याच्या पुढच्याही उन्हाळ्यात तेच. परसात स्टूल टाकून, नाकावर चष्मा घेऊन तो एकेका फटीशी तासन्‌तास बसायचा. मी चहा नेऊन द्यायचे आणि तो तसाच गार करून परत द्यायचा. शेवटी वहिनी इतकी गुळगुळीत झाली की जोड कुठे आहे हे बोटाला कळेना.

आमच्या गल्लीतला फर्निचरवाला सुतार एकदा बघायला आला. त्यानं होडीला टिचकी मारली आणि तोंडात बोट घातलं.

"कप्तानसाहेब, असं फिनिशिंग मी माझ्या कपाटांना देत नाही हो."

दादा दोन दिवस हवेत होता.

मग त्याचं हृदय दमलं. जिना चढला की धाप लागायची, मग बसल्या बसल्याही लागायला लागली. पायांवर सूज येऊन बूट चढेनात. आमचे डॉक्टर घरच्यासारखे आहेत, त्यांनी पाणी उतरवायच्या गोळ्या दिल्या आणि मला फाटकापर्यंत सोबत घेऊन गेले.

"त्यांना जे काही करायचं असेल ते या वर्षात करू द्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षाचं मी काही बोलत नाही."

मी मान हलवली. आत येऊन दादाला सांगितलं, डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा.

"फाटकात एवढा वेळ मिठावर बोलत होता होय?" दादा म्हणाला. त्याला सगळं कळत होतं.

आणि त्याच वर्षी बंधारा पुरा झाला. वरच्या धरणातून पाणी सोडलं, गवत बुडालं, चेंडू खेळणारी पोरं काठावर सरकली, आणि टेकडीचं पुन्हा बेट झालं. दादा खिडकीतल्या खुर्चीत बसून घरी येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी कुठपर्यंत आलं ते विचारायचा. एवढ्या वर्षांत मी त्याला इतका खुशीत पाहिलं नव्हतं. मला तर धसका बसला होता, कारण सोबत मलाच जायचं होतं आणि मला पोहता येत नाही.

"तुला काही करायचं नाहीये, चिमे. मी 'सोड' म्हटलं की दोर सोडायचा, 'धर' म्हटलं की धरायचा."

"आणि ओकायचं कधी?"

"ते मी बघतो."

पलंगाच्या दांडीला दोर बांधून त्यानं माझी तालीम घेतली. तो उशीला टेकून सुकाणूवर, म्हणजे माझी छत्री हातात धरून, आणि मी पायथ्याशी दोर घेऊन. "सोड पूर्णविराम," मी म्हणायचे आणि दोर सोडायचे. तो हसायला लागला की खोकला यायचा, आणि मग आम्हाला बेटापाशी थांबावं लागायचं.

वहिनीला पाण्यात सोडायच्या दिवशी सुतारानं टेम्पो आणला, चार गडी आणले. दादाला काठावर खुर्ची टाकून दिली. होडी फळकुटांवरून घसरत गेली आणि पाण्यावर जाऊन अशी बसली की जन्मभर तिथेच होती. सुतारानं आत उतरून तळाशी हात फिरवला आणि कोरडा तळवा आम्हाला दाखवला.

"थेंब नाही कप्तानसाहेब. थेंब नाही."

दादा रडला. मला त्या दिवसाचा आनंद आठवतो आणि तो आनंद खरा होता, त्यात आजही मला काही कमी करावंसं वाटत नाही. जुनी लाकडी होडी पहिल्या दिवशी पाझरतेच, असं त्याच्या कितीतरी पुस्तकांत लिहिलेलं होतं. आमची पाझरली नाही. आम्हाला वाटलं, हे आपल्या कष्टाचं फळ.

लगेच जायचं नव्हतं. दादाच्या त्याच पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात लिहिलं आहे: "लाकडी होडी पाण्यात उतरवल्यावर आठवडाभर तशीच बांधून ठेवावी. लाकूड पाणी पिते, फुगते, आणि फळी फळीला भिडून फटी आपोआप मिटतात." आमच्या होडीला फटीच नव्हत्या, पण नियम तो नियम. शिवाय डॉक्टरांनाही आठवडा हवा होता. गोळ्या वाढवून पायांची सूज उतरवू, बूट चढले की घेऊन जा, असं ते म्हणाले होते. तेव्हा होडी धक्क्याला बांधली, तिथल्या रखवालदाराला लक्ष ठेवायला सांगितलं आणि आम्ही घरी आलो.

त्या आठवड्यात दादाचं अंग उतरत गेलं. रोज सकाळी तो घोट्यावर बोट दाबायचा आणि खळगा किती पडतो ते मला दाखवायचा. शेवटी एक दिवस बूट चढला. दादानं तो पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला आणि बघत बसला. इकडे त्याच्या अंगातलं पाणी ओसरत होतं तेव्हा तिकडे वहिनीच्या अंगात ते मुरत होतं. आता बसून विचार केला की हे असं जुळतं. तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

जायच्या दिवशी वारा हलका होता, अगदी पुस्तकात नवशिक्यांसाठी सांगतात तसा. मी डब्यात पाव घेतले, पाण्याची बाटली घेतली, दादाच्या गोळ्या घेतल्या. दादानं लोकरी टोपी घातली. टॅक्सीवाल्यानं विचारलं, कुठे निघालात आजोबा, तर दादा म्हणाला, "बेटावर." साधंच म्हणाला, पण त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

रखवालदार आम्हाला बघून उभा राहिला आणि जागचा हलेना.

धक्क्याला दोर ताणलेला होता. त्याच्या टोकाला वहिनी काठापर्यंत बुडाली होती. डोलकाठी कलली होती. एका बाजूच्या फळ्या बरगड्यांपासून सुटून बाहेर फाकल्या होत्या आणि पाण्यात हळूहळू वरखाली होत होत्या. दोन बरगड्या मधोमध मोडलेल्या स्वच्छ दिसत होत्या. आतलं लाकूड पिवळं, ताजं होतं.

"परवापासून कडकड वाजत होतं," रखवालदार म्हणाला. "मला वाटलं, लाकूड आहे, वाजणारच. काल दुपारी मोठ्यानं वाजलं आणि मग पाणी शिरलं. कुणी हात नाही लावला साहेब. शप्पथ. कुणी जवळही आलं नाही."

"माहीत आहे," दादा म्हणाला. "तुमची काही चूक नाही."

तो माझ्या खांद्याला धरून उभा होता. त्याचा भार वाढत गेला, तेव्हा मी त्याला धक्क्यावरच्या दगडावर बसवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं आता काहीतरी होणार, मी गोळ्या चाचपल्या. पण तो पुटपुटत होता, आणि मी वाकून ऐकलं तर तो स्वतःचंच पुस्तक म्हणत होता. लाकूड पाणी पिते स्वल्पविराम फुगते स्वल्पविराम.

"मी जागाच ठेवली नाही तिला," तो म्हणाला. "फुगायला जागा नको का, चिमे? उन्हानं पडलेल्या फटी त्यासाठीच होत्या. पाण्यात गेल्यावर त्या मिटणार होत्या. मी त्या दगडानं भरून टाकल्या. दर वर्षी भरल्या. मग लाकडानं जायचं कुठे?"

मला राग आला. त्याचा आला, माझा आला, सुताराचा आला, पाण्याचा आला. एवढी वर्षं हे दोन्ही आम्हाला तोंडपाठ होतं. तिसरं प्रकरण मी मोठ्यानं वाचलं होतं, सातवंही मीच वाचलं होतं. प्रत्येक आवृत्तीला वाचलं. त्यानं पेन्सिल फिरवली होती. दोन प्रकरणांच्या मध्ये चहा झाला असेल, नाहीतर जेवण. तिसरं एकीकडे आणि सातवं एकीकडे, आणि दोघांनाही एकदासुद्धा वाटलं नाही की ही दोन वाक्यं एका होडीत बसणार नाहीत. दुसऱ्या कुणी नुसतं गोष्टीसारखं वाचलं असतं तर त्याच्या लक्षात आलं असतं.

घरी आल्यावर त्यानं बूट काढू दिले नाहीत. सातवं प्रकरण कुठून घेतलं होतं ते शोधायला लावलं. न्हाणीघराबाहेरच्या बोळात ते पुस्तक सापडलं. लिहिणारा संग्रहालयाचा माणूस होता, जुन्या होड्या काचेआड मांडून ठेवायच्या कशा, त्याचं ते पुस्तक. त्याच्या होड्या पाण्यात जाणारच नव्हत्या. त्यानं लिहिलेलं अगदी बरोबर होतं.

"कुणीच खोटं लिहिलेलं नाही बघ," दादा म्हणाला. "एक माणूस खोटं बोललेला नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्याचे पाय पुन्हा सुजायला लागले. सुतारानं वहिनीला ओढून काढलं आणि परसात तिच्या जुन्या जागी आणून टाकलं. लाकूड चांगलं आहे, एखादं कपाट निघेल, असं तो मला हळूच म्हणाला. मी दादाला विचारलं नाही. दादानं खिडकीतली खुर्ची फिरवून घेतली, पाठ परसाकडे. बेटाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. दोर पलंगाच्या दांडीला बांधलेला होता, तो मी सोडायला गेले तर म्हणाला, राहू दे. मग राहिला.

एकच गोष्ट त्याच्या डोक्यात बसली होती. पुस्तक दुरुस्त करायचं. पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. दादानं मला समोर बसवलं आणि सातव्या प्रकरणासाठी नवीन मजकूर सांगितला: होडी पाण्यात न्यायची असेल तर फटी कडक भरणाने बुजवू नयेत, ओली पोती टाकून लाकूड ओलसर ठेवावे, लाकडाला फुगायला जागा हवी. दोन वाक्यं सांगितली की थांबून श्वास घ्यायचा. मी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. या वेळी मी विरामचिन्हं वाचली नाहीत. "हं," तो म्हणाला, "आता कळतंय." पुढचं वाक्य त्यानं सांगितलं नाही. सांगतो म्हणाला, जरा पडतो आणि सांगतो. संध्याकाळी त्याला दवाखान्यात हलवलं आणि तिथून तो घरी आला नाही.

प्रकाशक भेटायला आले तेव्हा हमसाहमशी रडले. भला माणूस आहे, त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. नवी आवृत्ती आता स्मृती-आवृत्ती काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं. चांगला कागद, कापडी बांधणी, आत दादाचा होडीजवळचा फोटो. मी सातव्या प्रकरणाचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि परत माझ्या हातात ठेवला.

"ताई, शेवटच्या दिवसांत माणूस काय काय बोलतो. आपण ते मनावर घेऊ नये. कप्तानांचं हे पुस्तक लोकांनी डोक्यावर घेतलंय. त्यातल्या शब्दाला मी हात लावणार नाही. स्वल्पविरामसुद्धा हलवणार नाही, बघा."

"शुद्धिपत्र तरी घाला. एक चिठोरं."

"त्यांच्या स्मृती-आवृत्तीत? त्यांची चूक झाली म्हणून?" ते माझ्याकडे मायेनं बघत होते. माझं सगळं सांगून झालं, परसातली होडी दाखवून झाली. ते म्हणाले, कप्तान गेले आणि होडीनंही प्राण सोडला, हे प्रस्तावनेत घालतो. आणि खरंच घातलं.

आवृत्ती देखणी निघाली. मी अक्षर न्‌ अक्षर तपासलं, सवयीनं. चूक नाही.

त्यानंतर एका रविवारी एक गृहस्थ फाटकाशी आले. चाळिशीचे असतील, हातात नवी प्रत. कप्तानांचं घर बघायचं होतं म्हणाले, आणि त्यांच्या बहिणीची सही हवी होती. मी त्यांना आत घेतलं. ते त्या जेवणाच्या टेबलाशी दादाच्या जागी बसले आणि मोबाइलवर फोटो दाखवायला लागले. त्यांनी आणि त्यांच्या मुलीनं मिळून एक जुनी लाकडी होडी नीट केली होती. घराशेजारच्या मोकळ्या जागेत ती ठोकळ्यांवर उभी होती. गुळगुळीत. जोड कुठे आहे ते फोटोत कळत नव्हतं.

"फटी कशानं भरल्यात?" मी विचारलं.

"पुस्तकात सांगितलंय तसंच. दगड झालाय अगदी. पुढच्या आठवड्यात पाण्यात सोडतोय. लेकीला झोप लागत नाहीये."

मी त्यांना सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, न रडता, नीट. ते मान हलवत ऐकत होते. मग मी त्यांना परसात नेलं. वहिनी पुन्हा उन्हात सुकली होती. फळ्यांमध्ये बोटभर फटी पडल्या होत्या आणि त्यांतून राळेच्या लांब पट्ट्या निखळून लोंबत होत्या. मी मोडकी बरगडी त्यांच्या हातात दिली.

"बरीच जुनी होती ना ही?" ते म्हणाले.

"जुनी होती म्हणून नाही मोडली."

"आजी, तुम्ही स्वतः होडी चालवता?"

"नाही."

"मग..." त्यांनी पुढचं म्हटलं नाही. सभ्य माणूस. बरगडी त्यांनी हळूच जागेवर ठेवली, पुस्तक उघडलं आणि त्या ओळीखाली बोट धरलं. "इथे स्पष्ट लिहिलंय. कप्तानांनीच."

मी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं. आत गेले, टेबलाच्या खणातून माझं लाल पेन काढलं आणि ती ओळ अख्खी खोडली. समासात काढून टाकायची खूण केली, तिच्याशेजारी लिहिलं, फटी बुजवू नका. इतकी वर्षं दादाच्या पुस्तकांत मी लाल पेन चालवलं, पण अर्थासाठी पहिल्यांदाच चालवलं. मी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांचा चेहरा पडला. नव्या पानावरच्या त्या लाल रेघेकडे ते बघत राहिले, आणि मग माझ्याकडे, प्रकाशकांनी बघितलं होतं तसंच.

"असू दे आजी," ते म्हणाले. "मी दुसरी प्रत घेतो."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. कोपऱ्यावरच्या दुकानात पुस्तकं लावलेली लांबूनही दिसतात. दादाच्या प्रती अगदी पुढेच होत्या, चांगली चळत होती.